नळीतली गुठळी

अक्षदा दौलताबादच्या मेंढपाळ खंडेरावांची लेक. पॉलिमर घेऊन एमएस्सी झाली आणि चिकलठाण्याच्या एका लहानशा कंपनीत लागली. खराब रक्तवाहिनीच्या जागी बसवायची प्लास्टिकची नळी तिथं तयार होत होती. परक्या वस्तूला लागलं की रक्त गोठतं, म्हणून नळीला आतून असा लेप द्यायचा की रक्तानं तिला आपलंच मानावं. तो लेप अक्षदानं दोन वर्षं खपून बसवला होता. चाचणीसाठी मेंढीचं ताजं रक्त लागे. गुरांचे डॉक्टर ते तिच्या वडिलांच्याच कळपातून काढत.

"लई नका काढू," खंडेराव दर वेळी मेंढीची मान धरून म्हणत.

नुकता लेप दिलेल्या कोऱ्या नळीत रक्त तासन्‌तास मोकळं फिरलं. महिनाभर कोमट खारट पाण्यात ठेवलेली नळी जोडली, तेव्हा मात्र चाळीस मिनिटांत प्रवाह अडला. अक्षदानं नळी उभी चिरली. आत बोटभर काळपट गुठळी. लेप धुऊन गेला होता. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

"मंजुरीला कोऱ्या नळीचेच आकडे पाठवू," मालक देवेश म्हणाले. "लेप मागाहून सुधार."

"सर, माणसाच्या अंगात ती कोरी कशी राहील?"

"सही तुझी लागते. आणि नोकरीचा करार अजून दीड वर्ष आहे, विसरू नकोस."

करारापोटी ठेवून घेतलेली तिची मूळ प्रमाणपत्रं देवेशांच्या कपाटात होती. त्या कागदांशिवाय दुसरीकडं कुणी उभं करणार नव्हतं. गारखेड्याच्या खोलीवरून तिनं वडिलांना फोन लावला.

"सोड की मंग."

"कागदं त्यांच्याकडं हायेत, आबा."

खंडेरावांनी विचारलं, "मंग खोटं लिव्हती का?"

सकाळी जाऊन तिनं तिन्ही निकाल नोंदवहीत लिहिले, खाली सही केली. दुपारी तिची बदली पॅकिंगला झाली. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसभर पिशव्या सीलबंद करायच्या, दार बंद ठेवायचं.

तिचं काम प्रयोगशाळेतल्या निशाकडं गेलं. तीन आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत निशा हळूच म्हणाली, "माझ्याही नळीत झाली गं गुठळी. मीपण तसंच लिहिलंय."

मंजुरीची फाईल थांबली. अक्षदा उठून थेट देवेशांकडं गेली.

"सर, लेप का सुटतो ते कळलंय मला. मला परत प्रयोगशाळेत घ्या, नाहीतर माझे कागद द्या."

"करार संपला की बघू," देवेश मान वर न करता म्हणाले.

ती पॅकिंगच्या खोलीशी परत आली. केस टोपीत कोंबले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.