लाल गाऊन आणि पाठीचे सात चिमटे

माझ्या फॅशन ब्लॉगला एकूण अकरा वाचक होते आणि त्यातली एक मीच होते.

बाकीचे दहा नात्यातले. तरीही इस्लामपूरच्या आसपासच्या बायकांना कपडे कसे घालावेत हे शिकवायची जबाबदारी देवानं माझ्यावरच टाकलीय, असं मला ठामपणे वाटायचं. मी सांगलीत वाढलेली, बी. कॉम. झालेली. आणि आमच्या गावातल्या बायका? पैठणीवर स्वेटर चढवून, वर कानाला स्कार्फ गुंडाळून लग्नाला जाणाऱ्या! (शी!)

अडचण फक्त फोटोंची होती. आमचे हे सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. फोटो म्हणजे ओळखपत्राचा, एवढीच त्यांची कलादृष्टी. मान ताठ, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, मागं पांढरी भिंत! मी एका पायावर भार टाकून, कंबर मुरडून, हनुवटी जरा खाली घेऊन उभी राहिले की हे मोबाईल खाली घेऊन विचारायचे, "कंबर धरली का? बाम आणू?"

त्या रविवारी माझ्या नणंदेला, शीतलला, बघायला आटपाडीहून पाहुणे येणार होते. अकरा वाजता. स्थळ चांगलं होतं, सासूबाई पहाटेपासून उंबरे पुसत होत्या. "आत्या, मळ्यातनं कोथिंबीर आणते," असं सांगून मी ह्यांना ओढत बाहेर काढलं. सकाळचं कोवळं ऊन तोंडावर पडलं की बाई दहा वर्षांनी लहान दिसते, असं शास्त्र आहे. (ते मीच ब्लॉगवर लिहिलं होतं.)

उसाच्या आडोशाला साडी सोडली आणि ऑनलाइन मागवलेला लाल गाऊन चढवला. तो दोन मापं मोठा निघाला. हरकत नाही! मोठमोठ्या मॉडेलसुद्धा मागून कपडा आवळून घेतात. पुढून कुणाला काय कळतंय? मी कपडे वाळत घालायचे सात चिमटे पाठीला लावून घेतले. डोक्याला वेताची हॅट, डोळ्यांना परातीएवढा गॉगल. एक पाय ट्रॅक्टरच्या चाकावर, एक हात कपाळाला, नजर आभाळात. कॅमेऱ्याकडं बघायचं नसतं. बघितलं की माणूस गावठी दिसतो.

"आता तुम्ही आडवे व्हा," मी म्हटलं.

"कुठं?"

"बांधावर. खालून काढला की मी उंच दिसते."

"हाय तेवढीच दिसणार की!"

पण झाले आडवे. आणि नेमके मुंग्यांच्या वारुळावर! पाच मिनिटांत पाय झाडायला लागले, हात आपटायला लागले, तोंडातून "आ आ" असे आवाज.

"हलू नका! फोटो हलतोय!" मी आभाळात बघतच ओरडले.

आता, पाहुणे उन्हाच्या आत पोचावं म्हणून दोन तास आधीच निघाले होते आणि वाट चुकून जीप आमच्या मळ्याकडं वळली होती. मला कसं दिसणार? माझी नजर आभाळात.

"आरं, फेफरं आलंय गड्याला! चप्पल काढ, चप्पल!"

मी दचकून खाली बघितलं. फेटेवाले एक तात्या ह्यांच्या छातीवर बसून नाकाला चप्पल लावत होते. दुसऱ्यानं पाय धरले होते. हे बोलायला तोंड उघडायचे, की चप्पल आणखी आत!

"आवं बाई," तात्या माझ्यावर खेकसले, "तुमचा मानूस मराय लागलाय आन् तुमी आभाळात काय बघताय?"

तेवढ्यात पाठीमागून तिसरा म्हणाला, "तात्या, हिच्या पाठीला चिमटं हायती!"

सगळे दोन पावलं मागं सरकले.

"अंगात आलंय," तात्या हळूच म्हणाले. "हात लावू नगा."

अशा वेळी सुशिक्षित बाईनं जे करायचं तेच मी केलं. गाऊन वर धरला आणि उसात घुसले! पाचटानं तोंड, हात ओरबाडून घेत, साडी कशीबशी गुंडाळून मागच्या दारानं घरात शिरले. तर पुढच्या दारात जीप! दोघांनी बखोटीला धरून ह्यांना उतरवलं.

"घर ह्येच का?" तात्यांनी विचारलं. "आमाला बी हितंच यायचं हुतं."

मग त्यांनी सासूबाईंकडं बघितलं. "पोरीच्या भावाला फेफरं येतं, ह्ये आमाला कुणी सांगितलं न्हाई."

"फेफरं न्हाई वो! मुंग्या चावल्या!" हे कळवळून म्हणाले. "फोटो काढत हुतो."

"कुणाचा? त्या बाईचा?"

"व्हय."

"कोण ती?"

ह्यांनी तोंड मिटलं. जोडीदाराचं नाव शत्रूला सांगायचं नाही, असं सैन्यात शिकवत असावेत. पाहुण्यांनी चपला चढवल्या. आतल्या खोलीत शीतल पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती. आदल्या रात्री मुलाचा फोटो दाखवत तिनंच मला, "वहिनी, मला ते आवडल्यात," असं सांगितलं होतं. माझ्याच्यानं बघवेना. मी बाहेर आले.

"ती बाई मीच."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अंगात येतं तुमच्या?"

"नाही. माझा ब्लॉग आहे."

"कवापासनं?"

"दोन वर्षं झाली."

तात्या हळहळले. "आन् पोरीला?"

"न्हाई, न्हाई!" सासूबाई पुढं झाल्या. "आमच्या घरात कुणालाच न्हवता. ही सांगलीसनं घिऊन आली."

"म्हंजे रक्तातला न्हाई," तात्या म्हणाले. "मग चालतंय."

चपला उतरल्या. पोहे आले. लग्न ठरलं.

पुढच्या आठवड्यात तात्या औंधच्या यमाईला जाऊन आले आणि खास माझ्यासाठी अंगाऱ्याची पुडी पाठवली. सासूबाईंनी तो माझ्या कपाळाला फासला. शिकलेली बाई मी, मनातल्या मनात हसले. पण मळ्यातले फोटो एकदा बघितले आणि त्यानंतर ब्लॉगवर एक अक्षर लिहायची हिंमत झाली नाही.

हल्ली गावातली एखादी सून आरशासमोर जास्त वेळ उभी राहिली, की तिची सासू आमच्याकडं अंगारा मागायला येते. मी देते. वर सांगतेसुद्धा, "न्या, मला लगेच गुण आला!"