अठरा मिनिटांचा पंचनामा

ती अठरा मिनिटं मी कधीच विसरलेलो नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण छाती इतकी धडधडली ती एकदाच, माळावर दोराने बांधून ठेवलेल्या एका विमानासमोर. त्या दिवशीच्या पंचनाम्यावर माझी सही आहे आणि त्यातली एक ओळ खोटी आहे. आता ऐंशी ओलांडली. ती ओळ दुरुस्त केल्याशिवाय जायचं नाही, म्हणून हे लिहितो.

महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. मी सांगलीकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या हद्दीत एका कारखानदारांनी माळ सपाट करून धावपट्टी केली होती. लष्कराच्या मोडीतून त्यांनी एक लहान विमान घेतलं होतं. एकावर एक असे दुहेरी पंख, एक इंजिन, दोन माणसांची जागा. पहारा आमच्या ठाण्याचा असे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोरे साहेब त्या विमानातून निघाले. वीस मिनिटांत, आटपाडीच्या अलीकडे, इंजिन बंद पडलं. वैमानिक हुशार, त्याने विमान माळावर अलगद टेकवलं. साहेबांच्या कपाळाला खोक पडली, विमानाला ओरखडाही नाही. मी लॉरीने तिथे पोहोचलो तेव्हा साहेब दगडावर बसून होते आणि भोवती शेपन्नास मेंढरं चरत होती. मेंढपाळाचा जबाब मी तिथेच घेतला. तो म्हणाला, "दोनदा खोकलं आन् गप झालं. दम लागल्यागत."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक फिटर आला. त्याने टाकीचं टोपण उघडून पेट्रोल काढलं, मऊ कातड्यातून गाळलं. पाण्याचा थेंब नाही. प्लग काढून पाहिले, तेल पाहिलं, टोपण लावून इंजिन पाच मिनिटं चालवलं. घड्याळासारखं चाललं. त्याने लिहून दिलं की यंत्रात दोष नाही.

यंत्रात दोष नाही म्हणजे माणसात आहे, असा त्या काळचा हिशेब होता. भूमिगतांची चळवळ ताजी होती आणि विमानात बसले होते गोरे साहेब. वरून दर दोन तासांनी फोन येत होता. अशात आमच्या खबऱ्याने बातमी आणली. विमानाचा मिस्त्री खंडेनवमी आणि दसरा असे दोन दिवस गायब होता, आणि त्याचा मेहुणा फरारी आहे. मला आणखी काय हवं होतं! तासाभरात मिस्त्री लॉकपमध्ये होता.

हा माण तालुक्यातला गडी. युद्धात हवाईदलाच्या कारखान्यात इंजिनाचं काम शिकून आलेला, चाळिशीचा, सडपातळ. सण करायला रजा काढून गावी गेलो होतो, म्हणाला. जाण्याआधी टाकी काठोकाठ भरली, कारण रिकाम्या टाकीत दव धरतं आणि त्याचं पाणी होतं. परत आलो तो थेट मोटारस्टँडवरून. साहेब आधीच विमानात बसले होते, वैमानिक घाई करत होता. टाकीच्या खालच्या नळातून पेट्रोल काढून पाहिलं, तेल पाहिलं, इंजिनापुढचा पंखा फिरवून दिला. टाकी वरच्या पंखात. शिडी लावून वर बघायचं राहिलं.

तीन दिवस मी त्याला हेच विचारलं आणि तीन दिवस त्याने हेच सांगितलं. खोटं बोलणारा माणूस हकीकत वाढवत नेतो. याची हकीकत एका शब्दाने वाढली नाही. हे मला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी हवालदाराला खूण केली. रुळाचे तडाखे त्याच्या उजव्या हातावर बसले. दोन बोटं सुजून निळी झाली. मी खोलीतच होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा तोल गेला. मी ओरडलो, "पुण्याच्या फिटरनं टाकी उघडून पाहिली, इंजिन चालवून पाहिलं. काही बिघाड नाही. मग ते बंद पडलं कसं?"

आरोपीला आपल्याकडचं काही सांगायचं नाही, हा आमचा पाठ. तो मी प्रथमच मोडला. मिस्त्री ताडकन उभा राहिला.

"टोपण उघडलं व्हतं? आन् मग चालवलं? किती येळ?"

"पाच मिनिटं."

"आवं साहेब, पाच मिन्टात काय व्हतंय? तेलाच्या डब्याला खाली एकच भोक पाडून बघा. जरा गळतंय, मग थांबतंय. वरनं वारं नगं का? टोपणाला सुईएवढं भोक असतंय, ते बुजलंय. टोपण उघडलं की वारं आत जातंय आन् दुखणं पळतंय."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "टाकी भरून, टोपण घट्ट लावून, वीस मिनिटं चालवू द्या मला. न्हाई बंद पडलं तर म्हणाल तिथं सही करतो."

हवालदार हसला. म्हणाला, साहेब, हा इंजिन चालू करून उडून जाईल. पण माझ्या अंगावर काटा आला होता. मॅजिस्ट्रेटची परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंच, वैमानिक आणि सहा शिपाई घेऊन विमान उतरलं होतं त्या माळावर गेलो.

वैमानिकाने टाकी काठोकाठ भरून टोपण घट्ट लावलं. शेपटीला दोर बांधून खुंटा ठोकला. चाकांपुढे दगड लावले. मिस्त्रीची बेडी काढली. उजवा हात चालेना, म्हणून त्याने डाव्या हाताने पंखा ओढला. तिसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं. वैमानिकाने वेग वाढवला. धुळीचा लोट उठला, शिपायांच्या टोप्या उडाल्या, मेंढरं टेकाडापलीकडे पळाली. मी घड्याळ हातात धरून उभा.

पाच मिनिटं. दहा. इंजिन ठणठणीत. बाराव्या मिनिटाला हवालदार माझ्या कानात ओरडला की झाली हौस, आता परत जाऊ. पंधरा. मिस्त्री इंजिनाकडे बघतही नव्हता. डोळे मिटून नुसता ऐकत होता. गुन्हा शाबीत झाला तर होणारी दहा वर्षांची सजा त्या आवाजात होती, आणि मी, त्याला पकडणारा, मनातल्या मनात म्हणत होतो, बंद पड, बंद पड.

अठराव्या मिनिटाला इंजिन खोकलं. पुन्हा एकदा खोकलं. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

"आता टोपण सैल करा," मिस्त्री म्हणाला. "तुमीच करा साहेब."

मी शिडीवर चढलो. टोपण अर्धा आटा फिरवलं आणि सुस्स करून हवा आत गेली. खाली उभ्या पंचांनीही ती ऐकली. शिपायांनी टाळ्या पिटल्या, वैमानिक तर नाचलाच. मिस्त्रीने पुन्हा पंखा ओढला, इंजिन लगेच चालू झालं.

मी मात्र शिडीवरच होतो. टोपणावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड टिळा होता आणि तो छिद्रात भरून कडक झाला होता. पुण्याच्या फिटरनेही तो पाहिला असणार, पण विमानभर टिळे होते, त्याला काय नवल वाटावं? फिटर लोक पाइपाचे सांधे याच शेंदराने बंद करतात, हे मला मिस्त्रीनेच नंतर सांगितलं.

तो टिळा माझ्या बोटाचा होता. खंडेनवमीला ठाण्यातल्या शस्त्रांची पूजा झाल्यावर वैमानिकाने मला विमानाच्या पूजेला बोलावलं होतं. आमच्याकडे यंत्राच्या तोंडाला, ते जिथून खातं तिथे, टिळा लावतात. मी विचारलं, याचं तोंड कुठं? वैमानिकाने हसत वर बोट दाखवलं. मी हौसेने शिडी चढलो होतो.

मी रुमाल काढला, टिळा खरवडून पुसला आणि खाली उतरलो. पंचनाम्यात लिहिलं, 'टोपणाच्या छिद्रात बरेच दिवसांचा मळ साचल्याने इंजिन बंद पडले.' मिस्त्री शेजारीच उभा होता. रुमालावरचा लाल डाग त्याने पाहिला.

"मळ लिवलासा?" एवढंच त्याने विचारलं. मी कागद पंचांपुढे सहीला सरकवला.

तो सुटला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, तपासाबद्दल चांगला शेरा मिळाला. मालकांनी मात्र पंचनामा वाचून मिस्त्रीला हलगर्जीपणासाठी काढून टाकलं. त्या कागदानंतर त्याला पुन्हा कुणी कुठल्याही विमानाला हात लावू दिला नाही. दहा-बारा वर्षांनी मी दहिवडीला बंदोबस्तावर गेलो असताना तो दिसला. विहिरीवरचं ऑइल इंजिन खोलून बसला होता. दोन बोटं वाकडीच राहिली होती. त्याने मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मग विचारलं, "साहेब, त्यो कागद बदलता येतो का वो?" मी म्हणालो, फाइल बंद झाली. तो मान हलवून पुन्हा कामाला लागला.

त्या तपासाने मला शिकवलं की ज्याला काम कळतं त्याच्यापासून माहिती लपवून सत्य सापडत नाही. तीन दिवस मी ती लपवली नसती, तर त्याची बोटं शाबूत राहिली असती. हे मी पुढे शिकाऊ फौजदारांना सांगत आलो. दुसरी गोष्ट कुणाला सांगितली नाही.

मिस्त्री आता नाही. त्याची मुलं, नातवंडं माणमध्ये असतील. बापाच्या, आज्याच्या हातून विमान पडलं, असं त्यांना कुणी म्हणत असेल, तर त्यांनी हे दाखवावं. टोपणात मळ नव्हता. शेंदूर होता. तो मी लावला, आणि पुसलाही मीच.