अक्काला पटेल असं बदक

माझी थोरली जाऊ म्हणजे अक्का. तिला एखादी गोष्ट पटवायची तर ब्रह्मदेव आला तरी हात टेकेल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, चाळीस पोरं एका हाकेत गप्प करते. पण अक्कापुढं माझी डाळ शिजत नाही.

दोन वर्षांमागं गुढीपाडवा झाल्यावर सहज बोलता बोलता मी म्हणाले, "अक्का, हिवाळ्यात आपल्या तळ्यावर लांबून बदकं येतात. शेकड्यानं."

"चल, कायबी सांगती. लगीन होऊन पंचवीस वर्सं झाली मला या गावात. पाणकोंबडी आन बगळा, यापल्याड त्या तळ्यात काय न्हाई."

तिच्या बाजूनं तिचंही खरं. दसरा झाला की अक्का आणि थोरले दीर ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या पुढं-मागं परततात. तोवर तळ्यात बदकं तर सोडाच, पाणीही धड नसतं.

मोबाईलमधला फोटो दाखवला. लांबून काढलेला, त्यात बदकं मोहरीएवढी. "ह्या माशा हायेत," म्हणून अक्का भाकरी थापायला लागली. मला असला राग आला. म्हटलं, आता बदक काढूनच दाखवते, पीस न् पीस.

पुढची दिवाळी उरकली तशी गेवराईतून छत्तीस रंगांच्या पेन्सिलींची पेटी आणली आणि रोज शाळेआधी तळ्याच्या पाळीवर जाऊन बसू लागले. निवडलं थापट्या नावाचं बदक. त्याची चोच पुढं रुंद, कुंभाराच्या थापटण्यासारखी. नराचं डोकं हिरवं, पण नुसती हिरवी पेन्सिल घासली की कोथिंबिरीची जुडी दिसते. आधी जांभळा, त्यावर निळा, मग हिरवा, तेही हलक्या हातानं, थरावर थर. तेव्हा कुठं ती चकाकी येते. डोळ्यातला चमकीचा ठिपका तर कागदाचा पांढराच सोडायचा. मी दोनदा तो रंगवून बसले आणि दोन्ही बदकं आंधळी झाली. नवरा म्हणायचा, "शाळेची तपासणी जवळ आली, आन तू बदकाला पावडर लावत बस."

पाडव्याला अक्का आली. तिचे हातपाय धुऊन होईस्तोवरही मला दम निघेना. चित्र पुढं केलं.

तिनं ते लांब धरलं, जवळ धरलं. "ही चोच हाय का उलथनं? असली चोच असती व्हय कुणाची?"

जी चोच मी अगदी मापात काढली, नेमकी तीच तिला खोटी वाटली. मी कपाळावर हात मारून घेतला.

"आन हे पाण्यात बसल्यालं न्हाई," ती म्हणाली. "पाटावर ठिवल्यागत दिसतंय. पोटाखालचं पाणी काहून दबलं न्हाई?"

आता बोला. जन्मात थापट्या न पाहिलेली बाई माझी चूक काढत होती, आणि चूक खरोखरच होती. तळ्यावर काढलेली कच्ची चित्रं वहीत होतीच. तीन दिवस शाळेतून आल्यावर खपून दुसरं चित्र काढलं. पोटाची कड पाण्यात विरवली, खाली त्या विटकरी पोटाचं मोडकं प्रतिबिंब घातलं. पाणी निळं नव्हे, आमच्या तळ्यासारखं गढूळ राखी केलं. मागं पाळीवरची बाभळही काढली.

या खेपेला अक्कानं चित्र उजेडाकडं धरलं. तिनं बाभळीवर बोट ठेवलं. "ही आपलीच हाय. वाकल्याली."

"हो."

"म्हंजे खरंच येत्यात."

मला आभाळ ठेंगणं झालं. "मग, सांगत होते ना."

"कधी येत्यात?"

"दिवाळी झाली की."

"आन जात्यात कधी?"

"होळीच्या पुढं-मागं."

अक्कानं बोटांच्या पेरांवर दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतचे महिने मोजले. परत एकदा मोजले. मग चित्र माझ्या हातात दिलं.

"खोटं वाटत व्हतं तवर बरं व्हतं गं," ती म्हणाली.

तिनं एकदा खरं म्हणावं म्हणून मी सगळा हिवाळा खपले होते. तिनं म्हटलं, आणि मला तिच्या तोंडाकडं बघवेना.