दानम्माने उठवलेले नंदी

हे श्रीशैलशिखरीच्या मल्लिकार्जुना, हे सोलापूरच्या तळ्यात कमळासारख्या विराजलेल्या सिद्धेश्वरा, तुमच्या नावाने वाणी उघडली की पुढचा शब्द आपोआप गोड होतो. देवा, तू भस्माचा धनी आहेस, बेलाच्या एका पानाने तुझे पोट भरते. ज्याचे हात कामात गुंतले आहेत आणि मन तुझ्यात गुंतले आहे, त्याच्या चुलीपाशी तू न बोलावता येऊन बसतोस. सोलापूरच्या भवानी पेठेत असे दोन हात होते, कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठाने पांढरे झालेले, जणू भस्माचे पट्टेच ओढले आहेत. त्या हातांच्या धनिणीचे नाव दानम्मा.

दानम्मा कडक भाकरी करीत असे. पापडासारखी पातळ, निखाऱ्यापाशी उभी करून वाळवलेली ही भाकरी पंधरा दिवस बिघडत नाही, म्हणून लांबच्या वाटेला निघणारा सोलापूरकर ती बांधून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. महाशिवरात्र जवळ आली की श्रीशैलाला मल्लय्याच्या, म्हणजे मल्लिकार्जुनाच्या, दर्शनाला जाणाऱ्यांची तिच्या दाराशी रीघ लागे. दानम्मा भाकरी थापी, वाळवी, बांधून देई आणि हसत म्हणे, "माझी भाकरी दरसाल मल्लय्याचा डोंगर चढती. मीच तेवढी हितं तव्यापाशी ऱ्हाती." एका वर्षी लेकीचे बाळंतपण निघाले, एका वर्षी नवरा सिद्धप्पा ज्या मागावर चादरी विणी तो मागच बंद पडला, मग दुष्काळाची दोन वर्षे आली. तिने कधी कपाळाला हात लावला नाही. पण दर शिवरात्रीला पहाटे ती पूर्वेकडे, श्रीशैलाच्या दिशेला तोंड करून हात जोडी.

दुष्काळ सरल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी पेठेत नंदी छाप चहा आला. पुड्यावर डिंकाने चिकटवलेले सुरेख चित्र: झूल पांघरलेला, गळ्यात घंटा घातलेला, शांत बसलेला नंदी. शेखलालभाईंच्या दुकानात त्या चहाची एजन्सी होती. एके दिवशी दुकानावर कंपनीची पाटी लागली: 'नंदी कापून आणा, श्रीशैल पाहून या. दोनशे नंदी, मोटारीत एक जागा.'

मुंबईत बसून ज्याने हे लिहिले त्याच्या मनात काही वाईट नसेल. पण पाटी सोलापुरात वाचली गेली. पेठेतली सगळ्यात वडीलधारी गुरम्मा काठी टेकत दुकानासमोर आली, कुणाकडून तरी अक्षरे वाचून घेतली आणि म्हणाली, "मल्लय्याला भेटायला जायचं आणि त्याचाच नंदी कापायचा? मुंबईत लई ऊन पडतंय वाटतं."

झाले. पेठ चहा पीत राहिली, पण कात्री कुणी हातात धरली नाही. रिकामा पुडा फेकावा, तर त्यावर नंदी. केरात कसा टाकायचा? मग तो पुडा फळीवर जाई, डब्यामागे जाई, देवाच्या कोनाड्याशेजारी जाई. कुणी त्याला कुंकू लावी, कुणी विभूती. घरोघर नंदींचा कळप वाढू लागला आणि शेखलालभाईंनी ठरवलेली मोटार मात्र रिकामी राहिली.

एका सकाळी दानम्मा पीठ मळण्यासाठी आधण ठेवून बसली होती. चहाचा पुडा नुकताच रिता झाला होता, तो तिने नकळत पातेल्याच्या काठाशी ठेवला. वाफेचा लोट त्याच्यावर आला, डिंक सुटला, आणि ती पुडा उचलायला गेली तर चित्र तेवढे अलगद तिच्या तळहातावर येऊन बसले. शिंग शाबूत, घंटा शाबूत, झुलीचे काठसुद्धा शाबूत. दानम्मा त्याच्याकडे पाहतच राहिली. कात्री नाही, ओरखडा नाही. जो युगानुयुगे बसून आहे तो आज तिच्या चुलीपाशी उठला होता.

"अवो, हिकडं या," तिने हाक मारली. "नंदी उठला."

सिद्धप्पा अंगणात आरसा टेकवून दाढी करीत होता. "मग कडबा टाक त्याला," तो म्हणाला.

"चेष्टा नका करू. कापायचं कामच न्हाय. वाफ दिली की आपणहून उठतोय. आता मी जाणार."

"कुटं?"

"मल्लय्याकडं."

सिद्धप्पाचा वस्तरा गालावरच थांबला. लग्नाला तीस वर्षे होऊन गेली होती. तिच्या तोंडी 'मी जाणार' हे दोन शब्द त्याने प्रथमच ऐकले. अर्धी दाढी तशीच ठेवून तो आत आला आणि फळीवरचे पुडे खाली काढू लागला.

घरचे नंदी थोडेच निघाले. मग दानम्मा शेजारी गेली. पहिले दार गुरम्माचे. म्हातारी काही साधी नव्हती.

"दानव्वा, माझा नंदी दिवाळीपासनं देवापाशी बसलाय. रोज इभूत लावतीय मी. दुकानात द्यायला न्हाय देणार."

"दुकान तर वाटंतला मुक्काम हाय, अव्वा. ह्याला मी मल्लय्याला भेटवून आणती."

"माघारी आणशील?"

"मल्लय्याची आण. जसा नेला तसा आणीन."

या एका वचनावर गुरम्माने आपला सगळा कळप दिला. तेच वचन दानम्माने दुसऱ्या दारी दिले, तिसऱ्या दारी दिले, गल्लीच्या टोकापर्यंत दिले. पातेले उकळत राहिले, नंदी उठत राहिले. दोनशे पुरे झाले तेव्हा तिने ते लग्नातल्या इरकली खणात बांधले आणि शेखलालभाईंच्या दुकानात गेली.

शेखलालभाईंचा चेहरा फुलला. शिवरात्र दारात आली होती आणि ही पहिलीच प्रवासी. "बसा अक्का, बसा. लई चांगलं काम केलं." त्यांनी वरचे चित्र उचलले, दोन्ही हातांच्या चिमटीत धरले.

"हे काय करताव?" दानम्माने विचारले.

"फाडायलो. कंपनीचा नियम हाय की. तुमच्यासमोर दोन तुकडे करायचे. न्हाईतर उद्या ह्येच नंदी घेऊन दुसरं कुणीतरी यील."

दानम्माने पिठाळलेला हात त्या चित्रावर ठेवला. "थांबा, भाई."

"अक्का, जागा फुकट हाय. तुमचा देव बोलवायलाय."

"बोलवत असंल. पण मी गुरम्माव्वाला सांगून आलीय, जसा नेला तसा आणीन. तिचा नंदी फाडून मी त्या डोंगरावर कुठल्या पायांनी चढू? ऱ्हाऊ द्या ती जागा."

तिने एकेक चित्र परत खणात ठेवले, गाठ मारली आणि दुकानाची पायरी उतरली. श्रीशैल एका हाताच्या अंतरावर आले होते, आणि तिनेच हात मागे घेतला होता. डोळे भरून आले, रस्ता पुसट झाला. पण गाठोडे छातीशी होते आणि गाठ पक्की होती. घरी येऊन तिने दुसऱ्यांच्या शिदोरीचे पीठ मळायला घेतले. सिद्धप्पाने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिले आणि चूल फुंकायला बसला.

इकडे शेखलालभाईंनी चहा मागवला, पण तो त्यांना गोड लागेना. पडद्यामागून सगळे ऐकत असलेली त्यांची बेगम कमरुन्निसा बाहेर आली.

"सच्ची बोली वो बाई," ती म्हणाली. "जिस कागज पो अल्ला का नाम रहता, उसकू तुम फाडते क्या? पीछे ठप्पा मारो, हो गया."

"कंपनीवाला क्या बोलेगा?"

"खाली मोटर देखको क्या बोलेगा, पहले वो सोचो."

शेखलालभाईंनी दुकानाचा रबरी शिक्का आणि शाईची डबी उचलली. दुपारच्या उन्हात ते दानम्माच्या अंगणात उभे राहिले. सिद्धप्पाने हातातल्या शिक्क्याकडे पाहून विचारले, "काय भाई, नंदी डागायला आलाव का?"

"डागायला न्हाय, पाठीवर ठप्पा मारायला. कागदाच्या पाठीवर. नंदी पुढं तोंड करून बसलाय, त्याला कळायचं बी न्हाय. ठप्पा पडला की हिशेब झाला. नंदी अक्काचे, जागा बी अक्काची."

दानम्माचे हात परातीतच राहिले. मग ते झटकून तिने पाहुण्याला बसायला पाट दिला.

शिक्के मारून झाल्यावर शेखलालभाईंनी विचारले, "पण अक्का, चित्रं कापली न्हाईत तर निघाली कशी?" तिने पातेले दाखवले, वाफ दाखवली, एक नंदी त्यांच्या देखत उठवून दाखवला. भाई तडक दुकानी गेले आणि पाटीवरचा एक शब्द पुसून दुसरा लिहिला: 'नंदी उठवून आणा.'

मग काय सांगावे त्या आठवड्याचे कौतुक. शेजारच्या गल्ल्यांतून, पलीकडच्या पेठांतून आधणे उसळली. कुणी आईसाठी नंदी उठवले, कुणी दोन घरांत मिळून एका सासूसाठी उठवले. निघायच्या दिवशी मुंबईचा कंपनीवाला आला. गच्च भरलेली मोटार पाहून त्याने खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि फाटलेल्या कागदांची चौकशी केली नाही. कमरुन्निसाने घाटात मळमळेल म्हणून लिंबांची पिशवी दानम्माच्या मांडीवर ठेवली. मोटार हलली. सिद्धप्पा थोडे अंतर तिच्याबरोबर चालला, मग थोडे पळाला, मग हसत उभा राहिला.

श्रीशैल आले. शिखर दिसले आणि मोटारीतून एकच नामघोष उठला. धुळीच्या पायांनी दानम्मा गाभाऱ्यात गेली, वाकली, आणि मल्लिकार्जुनाच्या गार मस्तकावर तिचे कपाळ टेकले. जन्मभर जे मागायचे म्हणून साठवले होते ते त्या क्षणी तिला आठवलेच नाही. ती नुसती हसली. देवापाशी हसू आले, यापेक्षा मोठे दर्शन ते कोणते.

बाहेर येऊन दगडी नंदीसमोर तिने खण सोडला. विभूतीच्या पट्ट्यावरून, कुंकवाच्या बोटावरून, तेलाच्या डागावरून तिने घर न् घर ओळखले आणि एकेक चित्र त्याच्या खुरांना लावले. परत आल्यावर ते ज्याचे त्याच्या कोनाड्यात पोचते केले.

गुरम्मा दारातच बसली होती. आपला नंदी डोळ्यांजवळ धरून तिने विचारले, "भेटला मल्लय्या?"

"भेटला, अव्वा."

"काय म्हणला?"

"पुढच्या साली गुरम्माला घेऊन ये म्हणला."

म्हातारी काठी टेकत उठली. "मग आत ये आणि चहा टाक. आतापासनंच प्यायला लागंल."

हे मल्लिकार्जुना, हे सिद्धेश्वरा, वचनासाठी हातची वाट सोडणाऱ्या त्या माउलीच्या पाठीशी ऐसाच उभा राहा. दानम्माच्या चुलीचा विस्तव विझू नये, सिद्धप्पाच्या मागाचा धागा तुटू नये, लेकीबाळींच्या कपाळी भस्म आणि कुंकू अखंड राहो. शेखलाल-कमरुन्निसाच्या दुकानी बरकत नांदो. त्या घरांतून जो वाटेला लागेल त्याची वाट तुझ्या पायाशी पोचो, आणि तो हसत घरी परतो.