बायजाचं अर्धं वाक्य

दिवाळे गावची बायजा तीस वर्षं नेरूळच्या मासळीबाजारात बसते. नवरा तुळशीराम गेला तेव्हा मुलगा धनेश चौथीत होता. तिनं होडी विकली नाही. चुलत दीर पंढरीला चालवायला दिली आणि स्वतः पाटी उचलली. बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या, नशिबात असेल त्या दिवशी एखादा जिताडा. मासळी कालची असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आत ती सांगून टाकायची, "बाय, ही कालची हाय, तळायला ने, कालवनाला नको." या तोंडामुळं गिऱ्हाइकं टिकली आणि याच तोंडामुळं गावातली चार माणसं दुखावली. धनेश शिकला, बेलापूरला कचेरीत लागला.

गावाला नवी जेट्टी हवी होती. ओहोटीला होड्या गाळात रुततात, आणि बायकांना मांडीभर चिखलातून टोपल्या आणाव्या लागतात. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन पंढरी. पंधरा वर्षं त्याचे अर्ज चालले होते. प्रत्येक मोर्च्यात बायजा पहिल्या रांगेत असायची.

महापालिकेची निवडणूक लागली तशी बाजारात माइकवाली पोरं फिरायला लागली. पायल नावाची एक मुलगी बायजासमोर येऊन उकिडवी बसली. ती मोबाइलवरच्या कुठल्याशा बातम्यांच्या चॅनेलची होती.

"मावशी, जेट्टीबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

बायजानं बोइटाचं खवलं काढणं थांबवलं नाही. "जेट्टी पायजेच. पन आमची जवळा सुकवायची जागा घेऊन बांधायची असंल, तर अशी जेट्टी नको. जागा ठेवा आनि बांधा."

तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. पाच सेकंदांचं. त्यात बायजा एवढंच म्हणत होती, "जेट्टी नको." खाली लाल अक्षरांत, 'कोळणींचाच जेट्टीला विरोध.' ज्या पक्षाला ते काम नकोच होतं, त्याच्या कार्यकर्त्यांनी ते वाशीपासून बेलापूरपर्यंत पोचवलं.

संध्याकाळी धनेश घरी आला तो चपला न काढताच उभा राहिला.

"आये, तू असं बोललीस?"

"तुला खरं वाटतं?"

"तुजंच तोंड हाय. तुजाच आवाज हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाणाऱ्या टेम्पोत वेणूबाईनं पाय पसरून सांगितलं, "जागा नाय." वेणूबाई तिची वीस वर्षांची शेजारीण. पंढरी तर अंगणात येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी, पंधरा वर्सांची कागदं तुमी एका शब्दात बुडवली." बायजानं शपथा घेतल्या, पुरं वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं. पण तिचं सांगणं लोकांनी नुसतं ऐकलेलं होतं, आणि मोबाइलमधलं डोळ्यांनी पाहिलेलं. तिच्या शब्दाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारत नव्हतं.

चार दिवस तिनं कसेबसे काढले. जेवण जाईना. पाचव्या दिवशी मासळी संपवून ती रिकामी पाटी काखेत घेऊन सानपाड्याला उतरली. चॅनेलचा पत्ता धनेशकडून काढला होता. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. पायल दारातच भेटली. मासळीच्या वासानं आतली दोन डोकी वर झाली आणि पुन्हा खाली गेली.

"मी भांडायला नाय आले," बायजा म्हणाली. "मी काय बोलले ते तुला म्हाईत हाय ना?"

पायल तिला जिन्यात घेऊन गेली. "मावशी, मी पूर्णच दिलं होतं. वरचे लोक कापतात. लांब ठेवलं तर कोणी बघत नाही, म्हणतात."

"मंग पुरं हाय तुज्याकडं?"

पायलनं हो म्हणून मान हलवली, पण मोबाइल बाहेर काढला नाही. "माझं नाव आलं तर नोकरी जाईल."

बायजा पायरीवर बसली. "माजं गाव गेलं, पोरी."

पायलनं मोबाइल काढून लावला. खवलं काढायचा खरखर आवाज, आणि मग तिचं सगळं वाक्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बायजानं ते दोनदा ऐकलं. आणि अचानक तिला दुसरंच काही आठवलं.

तिच्या प्रभागात राजश्रीताई म्हणून एक शिक्षिका उभी होती. महिन्याभरापूर्वी तिचाही असाच व्हिडिओ आला होता, 'मासळीवाल्यांना रस्त्यावरून उठवा.' बायजानंच तो बाजारात सगळ्यांना दाखवला होता. ताई मत मागायला दारात आली तेव्हा तिनं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"ती मास्तरीन," बायजा हळूच म्हणाली, "तिचंबी असंच असंल का गं?"

"ते आमचं नाही. पण तिचं पूर्ण भाषण नेटवर आहे." पायलनं शोधून लावलं. ताई म्हणत होती, "मासळीवाल्यांना रस्त्यावरून उठवा, पण आधी त्यांना छप्पर बांधून द्या. छप्पर नाही तोवर एकीलाही हात लावू देणार नाही."

बायजानं पदरानं तोंड पुसलं. स्वतःवर आळ आला तेव्हा तिला राग आला होता. आता लाज वाटली.

"दे मना दोन्ही," ती म्हणाली. "तुजं नाव नाय घेनार."

पायलनं तिच्याकडे पाहिलं. "नाव घ्या. मीच येते रविवारी."

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमली. पायलनं स्पीकर जोडला. पुरं वाक्य वाजलं. पंढरीनं पुन्हा लावायला सांगितलं. मग तो उठून बायजासमोर आला.

"वैनी, मी तुमाला इचारायला पायजे होतं. इचारलं नाय."

"मी तरी त्या मास्तरनीला कुटं इचारलं?" बायजा म्हणाली, आणि दुसरं भाषण लावायला लावलं. मागच्या बाकावर कुजबुज झाली. काहींना पटलं, काही म्हणाले निवडणुकीपुरतं बोलतात सगळेच. बायजा वाद घालत बसली नाही. "मत कुनाला द्यायचं ते तुमचं तुमी बगा. पन पुरं ऐकून द्या."

वेणूबाई तिचा हात धरून बाहेर आली. माफी वगैरे तिला जमत नाही. "तुज्यासाठी कालवन ठेवलंय," एवढंच म्हणाली. बायजाच्या छातीवरचं ओझं तिथंच उतरलं. त्या दुपारी ती तीन भाकऱ्या जेवली आणि दिवे लागेपर्यंत झोपली.

पायलची नोकरी महिन्याभरात गेली. आता ती नेरूळच्याच एका साप्ताहिकात आहे आणि पगार थोडा कमी असला तरी खूश आहे. पाच सेकंदांचा तो तुकडा मात्र अजून फिरतो. परवा सीवूड्सची एक बाई पापलेट घेता घेता म्हणाली, "तुम्हीच ना त्या जेट्टी नको म्हणणाऱ्या?"

बायजानं कोयता खाली ठेवला. "बसा बाय, घाई नाय ना? पुरं सांगते."

बाई खरंच बसली.