पाड्यावरचा पत्ता

लिंक्ड लिस्ट, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती साखळीसारखी जोडून ठेवायची पद्धत, मला पुस्तकातून कधीच कळली नाही. ती कळली एका मित्रामुळे. तो तलासरीचा, पाड्यावर राहणारा, आमच्या इंजिनीअरिंगच्या वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा. शेवटच्या वर्षी इंटरव्ह्यूच्या तयारीला तो एसटीने डहाणूला यायचा, आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तयारी म्हणजे काय, तो शिकवायचा आणि मी नकला करायचो. एचआरवाल्या मॅडम, आमचे एचओडी, चिकूवाला शेठ, सगळे. आई आतून ओरडायची, "नोकरीला चाललायस की नाटकात?"

तिसऱ्यांदा सांगूनही माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला.

"आमच्या पाड्यावर येऊन कोणाचं घर विचार. पूर्ण पत्ता कोणी सांगणार नाही. पहिला म्हणेल, पुढच्या घरी विचार. तिथला म्हणेल, त्याच्या पुढच्या घरी. प्रत्येकाला फक्त पुढचं घर माहीत. झाली लिंक्ड लिस्ट."

"आणि उलटी करा म्हणाले तर?"

"प्रत्येकाला सांगायचं, आता मागच्या घराकडे बोट दाखव. पण बोट फिरवायच्या आधी पुढचं घर लक्षात ठेव. नाहीतर हरवलास जंगलात!"

हे सांगताना तो एक डोळा बारीक करायचा आणि हवेत बोट फिरवायचा.

मग मुंबईच्या एका कंपनीने आम्हा दोघांनाही बोलावलं. मला आधी, त्याला पुढच्या आठवड्यात. इंटरव्ह्यू घेणाऱ्या सरांनी मला नेमकी लिंक्ड लिस्टच विचारली, उलटी करून दाखव म्हणाले. मी घाबरलो. आणि घाबरलो की मी जे करतो तेच केलं, दुसरा कोणीतरी झालो. इंग्रजी तोडकंमोडकं, पण पाडा माझ्या मित्राचा, चाल त्याची, थांबणं त्याचं, डोळा बारीक, बोट हवेत. सरांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुझं तुला सुचलं?"

"येस सर."

त्याच संध्याकाळी मित्राचा फोन. "काय काय विचारलं रे?"

"लिंक्ड लिस्ट, उलटी करायची."

"काय सांगितलंस?"

"फेकलं काहीतरी." आणि लगेच मी सरांची नक्कल सुरू केली. तो खो खो हसला. विषय संपला. तेव्हाच सांगितलं असतं तर त्याने दुसरं उदाहरण काढलं असतं. त्याला काय, दहा सुचली असती.

त्याचा इंटरव्ह्यू झाला त्या दिवशी तो डहाणू रोडला उतरून थेट आमच्याकडे आला. माझं सिलेक्शनचं मेल आदल्याच दिवशी आलेलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडा.

"पाडा सांगितला मी," तो म्हणाला. "सर हसले. म्हणाले, पाठ करून आलायस. मागच्या आठवड्यात एकाने हेच सांगितलं, बोटासकट. त्याने जास्त मजेत सांगितलं म्हणे. मग पुढचं काही धड विचारलंच नाही."

मी पेढ्यावरच्या कागदाची घडी घालत बसलो.

"बोटासकट," तो परत म्हणाला. "करून दाखव ना."

"काय?"

"माझी नक्कल. सगळ्यांची करतोस, माझी समोर कधी केली नाहीस."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? उभा राहिलो. पहिल्या घरापासून जंगलापर्यंत सगळं केलं. आई स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. "अगं बाई, अगदी तोच!"

तो हसला नाही.

"चांगलं सांगतो की मी," म्हणाला. मग बॅग उचलली. "सोमवारी पुण्याला एक इंटरव्ह्यू आहे. तिथे ट्रेनचे डबे सांगतो, पुस्तकातले. पाठ करून आलायस म्हणाले तरी खोटं नसेल."

पेढा त्याने घेतला. आईने हातात ठेवला म्हणून.

आता कंपनीत नवीन पोरं आली की आमचा टीम लीड मला हाक मारतो, "ये रे, यांना तो तुझा पाडा सांग."

मी ट्रेनचे डबे सांगतो. पोरांना पटकन कळत नाही.