वाक्यात उपयोग करा

धुळ्यात मी इंग्रजी संभाषणाचा क्लास घेतो. भर दुपार, वर पत्रे, पंखा नुसती गरम हवा फिरवतोय. त्या दिवशी शब्द होता डिसकरेजिंग. ज्यानं माणसाची उमेद खचते ते, असा अर्थ सांगितला आणि म्हटलं, स्वतःच्या आयुष्यातलं एकेक वाक्य करा.

कुणी तोंड उघडेना. सगळे मुलाखतींतून नकार घेऊन आलेले, वाक्यांना काय तोटा? शेवटी एकाला आपल्या टीमची बॅटिंग डिसकरेजिंग वाटली, दुसऱ्याला बसस्टँडवरचा चहा.

"अरे, चहाचं काय सांगता? तुमचं सांगा ना!" मी वैतागलो.

पिंपळनेरहून येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "असं बोलानं नही, सर. वास्तू तथास्तु म्हणस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण बोलतो ते घर ऐकतं आणि तसंच होवो म्हणतं, हे माझ्याही आईनं शिकवलेलं. पण माझं डोकं फिरलं होतं. इतकी वर्षं तीच वाक्यं, तेच पडलेले चेहरे. खडू उचलला आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, माझं काम डिसकरेजिंग आहे.

ती मुलगी उठली, डस्टर न शोधता ओढणीनंच फळा पुसला आणि भिंतींकडे बघून माझ्या वतीनं हात जोडले.

मी खुर्चीत बसलो. तिला थोडा उशीरच झाला होता. वास्तूनं तथास्तु कधीच म्हणून टाकलं होतं.